डॉक्टर जॉन्सन आणि त्याचा स्नेहपरिवार

मनुष्य सुखी कशानें होतो, हा प्रश्न फार जुना आहे. आणि पैसा, विद्या, कीर्ति व शरीरसंपत्ति हीं त्याचीं चार उत्तरेंही तितकींच जुनीं आहेत. शाळा सोडून जाणाऱ्या मुलास आम्ही शिक्षक विचारतों तें परीक्षेचें, आणि त्याचे आईबाप विचारतात तें नोकरीचें. परंतु तुझे मित्र कोण, तुझ्या घरीं कोण येतें जातें, तुझ्यावांचून कोणाचें अडतें, हें विचारण्याची आठवण आम्हांस क्वचितच होते. ज्या थोर पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे, त्यास पैसा उशिरां मिळाला, शरीरसंपत्ति तर मुळींच मिळाली नाहीं, आणि विद्या व कीर्ति हीं दोन्ही विपुल मिळूनही त्यांच्यापासून त्यास शांति लाभली नाहीं. त्याला तारलें तें माणसांनीं.

डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन हें नांव मराठी वाचकांस नवें नाहीं. त्याच्या रासेलस या कथेचें भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं आरंभिलें व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं तें पुरें केलें. पुढें विष्णुशास्त्र्यांनीं आपल्या निबंधमालेंत या ग्रंथकाराविषयीं विस्तारानें लिहिलें. त्याच्या ग्रंथांची व पांडित्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपण या लेखांत जॉन्सन हा मित्र, घरधनी आणि शेजारी या नात्यांनीं कसा होता तेवढेंच पाहूं.

जॉन्सनाचा जन्म इ. स. १७०९ च्या सप्टेंबर महिन्यांत इंग्लंडांतील लिचफील्ड या गांवीं झाला. बाप मायकेल जॉन्सन हा पुस्तकें विकण्याचा धंदा करी. घरांत ग्रंथ पुष्कळ, पण पैसा थोडा. तान्हेपणींच मुलास गंडमाळेचा विकार जडला. त्यामुळें चेहऱ्यावर व्रण राहिले, एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली, आणि एक कानही बधिर झाला. राजाच्या हस्तस्पर्शानें हा रोग बरा होतो अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. म्हणून १७१२ सालीं आईनें आपल्या अडीच वर्षांच्या मुलास लंडनला नेऊन ॲन राणीकडून त्यास स्पर्श करविला. रोग कांहीं हटला नाहीं; मात्र त्या वेळीं मिळालेलें सोन्याचें लहानसें पदक त्यानें जन्मभर गळ्यांत वागविलें. मोठेपणींही त्याच्या अंगास चमत्कारिक झटके येत, मान व हात आपोआप हालत, आणि अनोळखी माणसें त्याकडे पाहून हसत किंवा दचकत.

असा मुलगा शाळेंत गेला म्हणजे सोबती त्याची थट्टा करावयाचे, असें कोणासही वाटेल. परंतु लिचफील्डच्या शाळेंत निराळेंच घडलें. त्याची तल्लख बुद्धि पाहून मुलें त्याच्याभोंवतीं गोळा झालीं. त्यांचे धडे तो समजावून देई. आणि सकाळीं शाळेची वेळ झाली कीं तीन मुलें त्याच्या घरीं येत, एक वाकून त्यास पाठीवर घेई, दोघे दोहों बाजूंनीं त्यास सांवरीत, आणि अशी ही स्वारी मिरवत शाळेंत दाखल होई. त्या तिघांत एडमंड हेक्टर नांवाचा एक मुलगा होता. त्याचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें त्यानें याहून अवघड ओझें उचललें.

१७२८ च्या ऑक्टोबरांत जॉन्सन ऑक्सफर्ड येथील पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला. विद्वत्तेंत त्याचा हात धरणारे थोडेच होते, पण दारिद्र्यानें त्यास गांठलें. शेजारच्या कॉलेजांत त्याचा एक बालमित्र शिकत असे. त्याच्याकडे जाऊन तो तेथील व्याख्यानांचा सारांश ऐकून घेई. होतां होतां त्याचे जोडे इतके फाटले कीं पायांचीं बोटें बाहेर दिसूं लागलीं, आणि तेथील श्रीमंत मुलांची नजर त्यांवर पडते असें पाहून त्यानें तिकडे जाणेंच सोडून दिलें. एके दिवशीं कोणीं तरी कळवळ्यानें नव्या जोड्यांचा एक जोड गुपचूप त्याच्या दाराशीं आणून ठेविला. जॉन्सनानें संतापून तो फेंकून दिला.

या गोष्टीवरून त्यास गर्विष्ठ म्हणणें सोपें आहे, आणि तो गर्विष्ठ होताही. परंतु देणाराचीही एक चूक येथें दिसते. त्यानें जोडे दिले, पण आपलें तोंड दाखविलें नाहीं. गरज भागविली, पण ओळख दिली नाहीं. ज्याच्या पाठीवर बसून जॉन्सन मोकळेपणानें शाळेंत गेला होता, त्या हेक्टरानें हेच जोडे हातीं दिले असते तर कदाचित् ते पायांत गेले असते. दान आणि स्नेह या दोन वस्तु वेगळ्या आहेत. आणि स्वाभिमानी गरिबास दुसरीवांचून पहिली गिळवत नाहीं.

तेरा महिन्यांनीं पैशाच्या अभावीं त्यास विद्यापीठ सोडावें लागलें. पदवी नाहीं, धंदा नाहीं, अशा स्थितींत तो लिचफील्डला परतला, आणि तेथें त्यास त्या मनोव्याधीनें ग्रासिलें जिनें त्याची पाठ मरेपर्यंत सोडली नाहीं. घड्याळाकडे पाहूनही किती वाजले हें त्यास कळूं नये, दिवसच्या दिवस अंथरुणांत जावे, आणि आपणांस वेड लागणार या भीतीनें जीव घाबरा व्हावा, अशी त्याची अवस्था झाली. याच काळांतील एक प्रसंग त्यास पुढें फार डांचत राहिला. बाप आजारी असतां त्यानें उटॉक्सिटर येथील बाजारांत जाऊन पुस्तकांचें दुकान पाहण्यास मुलास सांगितलें. ऑक्सफर्डांत राहून आलेल्या मुलास तें काम हलकें वाटलें व त्यानें नाहीं म्हटलें. बाप १७३१ सालीं वारला. सुमारें पन्नास वर्षांनीं, सर्व इंग्लंड ज्याचें नांव आदरानें घेत होतें असा हा वृद्ध पंडित एकटाच उटॉक्सिटरला गेला आणि भर बाजारांत, बापाचें दुकान जेथें मांडीत असत त्या जागीं, पावसांत उघड्या डोक्यानें बराच वेळ उभा राहिला. त्याचा हेतु जाणणारें तेथें कोणी नव्हतें. ज्याची क्षमा मागावयाची तो तर केव्हांच गेला होता.

आतां हेक्टराकडे वळूं. तो बर्मिंगहॅम येथें वैद्यकी करीत होता. १७३२ सालीं त्यानें आपल्या खिन्न मित्रास आपल्याकडे राहावयास बोलाविलें. तेथें जॉन्सनानें ॲबिसिनिया देशाच्या एका प्रवासवर्णनाचें भाषांतर करण्याचें कबूल केलें. पण काम सुरू होऊन लवकरच थांबलें, कारण तो अंथरुणांतून उठेना. हेक्टरानें त्यास आळशी म्हणून दोष दिला नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, छापखानदाराचें काम अडून राहिलें आहे आणि त्याच्या कुटुंबाचे हाल होत आहेत. स्वतःसाठीं जो उठत नव्हता तो या शब्दांनीं जागा झाला. तो अंथरुणांत पडल्या पडल्या पुस्तक पुढें धरून भाषांतर सांगूं लागला, हेक्टर लिहूं लागला, आणि त्यानेंच स्वच्छ नकल करून ती छापखान्यांत पोंचविली. जॉन्सनाचें पहिलें पुस्तक हें असें १७३५ सालीं बाहेर पडलें. एका मित्राच्या चिकाटीनें इंग्लंडास एक ग्रंथकार मिळाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याच वर्षीं जॉन्सनानें एलिझाबेथ पोर्टर नांवाच्या विधवेशीं विवाह केला. ती त्याच्याहून सुमारें वीस वर्षांनीं वडील होती. लोक हंसले, पण त्याचें तिच्यावर मनापासून प्रेम होतें. तिच्या पैशांतून त्यानें लिचफील्डजवळ एक शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच आले व शाळा लवकरच बंद पडली. पण त्या विद्यार्थ्यांपैकीं डेव्हिड गॅरिक नांवाचा एक तरुण गुरूस सोडीना. १७३७ च्या मार्च महिन्यांत गुरुशिष्य दोघेही नशीब काढण्यास बरोबरच लंडनला निघाले. दोघांचेही खिसे रिकामे होते. पुढें गॅरिक हा इंग्लंडांतील अग्रगण्य नट झाला.

लंडनांतील पहिलीं वर्षें फार कष्टांत गेलीं. मासिकांसाठीं मिळेल तें लिहावें आणि मिळेल तें खावें. रिचर्ड सॅव्हेज नांवाचा एक दरिद्री कवि त्याचा सोबती होता. रात्रीं निजण्यापुरतें भाडें जवळ नसलें म्हणजे हे दोघे रस्त्यांतून फिरत, आणि देशाच्या कारभाराविषयीं आवेशानें बोलत पहाट करीत. सॅव्हेज हा दुर्गुणी होता हें जॉन्सन जाणून होता; तरी त्याच्या मरणानंतर १७४४ सालीं त्यानें त्याचें चरित्र लिहून त्याची आठवण राखिली. उपाशी पोटीं जागविलेल्या त्या रात्री त्यास वाईट वाटल्या नाहींत, कारण तेव्हां तो एकटा नव्हता.

१७४६ सालीं पुस्तक विकणाऱ्या मंडळीनें इंग्रजी भाषेचा मोठा कोश करण्याचें काम त्याजकडे सोंपविलें. मोबदला १५७५ पौंड ठरला. त्यांतूनच सहा मदतनिसांचा खर्च भागवावयाचा होता. नऊ वर्षांच्या श्रमानें १७५५ सालीं चाळीस हजारांवर शब्दांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जॉन्सनाची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु तीन वर्षांपूर्वींच, १७५२ च्या मार्चांत, त्याची पत्नी वारली होती. ज्यांना आनंद व्हावा म्हणून इतके कष्ट केले त्यांतील बहुतेक माणसें आतां नाहींत, हा विचार कोशाच्या प्रस्तावनेंतही त्यास झांकून ठेवतां आला नाहीं. यशाची वार्ता सांगावयास घरीं कोणी नसेल तर यशाची गोडी किती कमी होते, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस याचा अर्थ कळेल.

येथेंच त्याच्या चरित्रांतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग सुरू होतो. रिकाम्या घरांत हा मनुष्य खचून जावयाचा. पण त्यानें आपलें घर भरलें, आणि तें अशा माणसांनीं भरलें कीं ज्यांस दुसरें कोणी घरांत घेतलें नसतें. ॲना विल्यम्स ही त्याच्या पत्नीची मैत्रीण. डोळ्यांवर शस्त्रक्रिया करवून घेण्यासाठीं ती लंडनला आली, पण शस्त्रक्रिया फसून पूर्ण आंधळी झाली. तिला जॉन्सनानें आश्रय दिला, आणि रात्रीं कितीही उशीर झाला तरी तिच्याबरोबर चहा घेतल्यावांचून तो निजत नसे. रॉबर्ट लेव्हेट हा दुसरा आश्रित. तो गोरगरिबांच्या वस्तींत मैलोगणती पायीं हिंडून औषधोपचार करी. त्याचें बोलणें थोडें आणि रूप ओबडधोबड. फ्रान्सिस बार्बर हा जमेका बेटांत गुलामगिरींत जन्मलेला निग्रो मुलगा. जॉन्सनाच्या पत्नीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं, सुमारें दहा वर्षांचा असतां, तो या घरीं आला. जॉन्सनानें त्यास पदरच्या खर्चानें शाळेंत घातलें आणि मरतांना आपल्या मिळकतीचा मोठा भाग त्यास दिला. पुढें आपल्या धर्मपित्याची निराधार कन्या मिसेस डेमूलिन्स हिलाही त्यानें घरांत घेतलें. एकदां रात्रीं रस्त्यांत पडलेली एक आजारी, बदनाम स्त्री त्यास आढळली. तिला पाठीवर घेऊन त्यानें घरीं आणिलें, बरी होईपर्यंत तिची शुश्रूषा करविली, आणि तिला नीट मार्गास लावण्याची खटपट केली. लहानपणीं मित्रांच्या पाठीवर बसून शाळेंत जाणाऱ्या मुलानें तें ऋण असें फेडिलें.

हें घर शांतीचें माहेर होतें असें मात्र कोणी समजूं नये. आश्रितांचें आपसांत पटत नसे. मिस् विल्यम्स रागीट, मिसेस डेमूलिन्स तक्रारखोर. एकीचा दुसरीवर विश्वास नाहीं. गाऱ्हाणीं ऐकावीं लागतील या भयानें घरधन्यासच कधीं कधीं घरीं येण्याचा धीर होत नसे. तरी त्यानें कोणास घालवून दिलें नाहीं. घरांत हॉज नांवाचें एक मांजर होतें. म्हातारपणीं त्याच्यासाठीं कालवें विकत आणण्यास जॉन्सन स्वतः बाजारांत जाई. नोकरास पाठविलें तर या कामाचा कंटाळा येऊन तो त्या मुक्या प्राण्याचा द्वेष करील, अशी त्यास काळजी वाटे. कुरकुर असलेलें घरही रिकाम्या घरापेक्षां बरें, हें त्यानें ओळखिलें होतें. आपल्याकडील एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें फोड करून सांगावयास नको.

घराबाहेर त्याचे मित्र वाढत गेले. १७६३ च्या मे महिन्याच्या १६ व्या तारखेस एका पुस्तकाच्या दुकानांत जेम्स बॉसवेल नांवाचा बावीस वर्षांचा स्कॉच तरुण त्यास भेटला. पहिल्या भेटींत जॉन्सनानें त्याचा चांगलाच पाणउतारा केला. पण तरुण नाउमेद झाला नाहीं, आणि म्हाताऱ्यानेंही पुढें त्यास जवळ केलें. थोड्याच महिन्यांनीं बॉसवेल हॉलंडला शिकावयास निघाला, तेव्हां त्यास निरोप देण्यासाठीं हा त्रेपन्न वर्षांचा पंडित लंडनहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत त्याच्यासंगें गेला. या बॉसवेलानेंच १७९१ सालीं लिहिलेल्या चरित्रामुळें जॉन्सन आज आपल्या इतक्या ओळखीचा झाला आहे. १७६४ सालीं चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स याच्या सूचनेवरून नऊ स्नेह्यांनीं एक मंडळ स्थापिलें. दर आठवड्यास एका रात्रीं एका खाणावळींत जमून जेवावें व बोलावें, एवढाच त्याचा नियम. वक्ता एडमंड बर्क आणि कवि गोल्डस्मिथ हे त्यांत होते. याच गोल्डस्मिथास एकदां घरभाड्यासाठीं घरधनिणीनें अडवून धरिलें, तेव्हां जॉन्सनानें प्रथम एक गिनी धाडिली, मागून स्वतः गेला, त्याच्या टेबलांतील एका कादंबरीचें हस्तलिखित पाहिलें, आणि तें साठ पौंडांस विकून त्याची सुटका केली. ती कादंबरी म्हणजेच व्हिकर ऑफ वेकफील्ड होय.

तो केवळ गंभीर होता असें नाहीं. एकदां पहाटे तीन वाजतां बेनेट लँगटन व टॉपम बोक्लर्क या दोन तरुण मित्रांनीं त्याचें दार ठोठावलें. चोर आले असें समजून तो अंगांत नुसता सदरा, डोक्यावर लहान टोप आणि हातांत शेगडीची लोखंडी सळई अशा थाटांत खालीं आला. मित्र आहेत असें कळतांच त्यास हंसूं लोटलें, आणि तो कपडे करून त्यांच्याबरोबर दिवस उजाडेपर्यंत शहरभर भटकला. वय वाढलें म्हणजे जुने मित्र एकेक गळतात, म्हणून मनुष्यानें नवे मित्र जोडीत राहिलें पाहिजे, असा त्याचा उपदेश होता. आणि तो त्यानें आचरून दाखविला.

इतकें असूनही त्याची व्याधि गेली नाहीं. १७६२ सालीं त्यास सरकारांतून दरसाल तीनशें पौंडांचें वर्षासन मिळूं लागलें. पोटाची चिंता मिटली, तरी १७६६ च्या सुमारास तो कित्येक आठवडे खोलीबाहेर पडला नाहीं. थ्रेल नांवाचें एक श्रीमंत दांपत्य त्याच्या नव्या ओळखीचें होतें. तें समाचारास आलें तेव्हां आपली बुद्धि शाबूत राहावी म्हणून देवाजवळ प्रार्थना करा, असें तो एका पाद्रीसाहेबास काकुळतीनें विनवीत होता. थ्रेल दांपत्यानें त्यास तडक आपल्या स्ट्रेटम येथील घरीं नेलें व कित्येक महिने ठेवून घेतलें. पुढें सुमारें सोळा वर्षें त्या घरीं त्याच्यासाठीं एक खोली राखलेली असे. मिसेस थ्रेल त्यास वेळेवर जेवूं घाली, मध्यरात्र उलटेपर्यंत त्याच्याशीं बोलत बसे. मुलें त्याच्या अंगाखांद्यांवर खेळत. जें वर्षासनानें झालें नाहीं तें या घरानें केलें.

आतां त्याच्या दोन दोषांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कारण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. लंडनला आल्यावर त्याची म्हातारी आई लिचफील्डला राही. तो तिला पत्रें व पैसे पाठवी; पण १७४० नंतर तो तिला भेटावयास गेला नाहीं. आज जाऊं, उद्यां जाऊं, असें करतां करतां एकोणीस वर्षें गेलीं. १७५९ च्या जानेवारींत ती वारली. तिच्या उत्तरकार्याच्या खर्चासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून रासेलस लिहिलें. त्या पैशानें क्रियाकर्म झालें, पण भेट कांहीं झाली नाहीं. दुसरा दोष तीव्र जिव्हेचा. १७८१ सालीं थ्रेल वारला, आणि १७८४ सालीं त्याच्या विधवेनें गॅब्रिएल पिओझी या इटालियन गायकाशीं लग्न करण्याचें ठरविलें. आपला शेवटचा आसरा जातो या दुःखानें जॉन्सनानें तिला फार कठोर पत्र लिहिलें. तिनें शांतपणें व मानानें उत्तर दिलें. तेव्हां त्यास पश्चात्ताप होऊन त्यानें दुसरें पत्र धाडिलें, आणि तिनें वीस वर्षें आपलें दुःख हलकें केलें याबद्दल तिचे उपकार मानून तिचें कल्याण चिंतिलें. तरी तुटलेली गांठ पुन्हां बसली नाहीं. वर्षांनुवर्षें जोडलेलें एका पत्रानें तुटतें, हें तरुण वाचकांनीं विसरूं नये.

शेवटचीं वर्षें वियोगाचीं होतीं. गॅरिक १७७९ सालीं गेला, लेव्हेट १७८२ सालीं, आंधळी मिस् विल्यम्स १७८३ सालीं. लेव्हेटासारख्या अप्रसिद्ध माणसाच्या मरणावर या महापंडितानें जें काव्य लिहिलें, तें त्याच्या उत्तम काव्यांत गणलें जातें. १७८३ च्या जून महिन्यांत अर्धांगाच्या झटक्यानें त्याची वाचा कांहीं काळ गेली. अशा स्थितींत दुसरा मनुष्य दार लावून मरणाची वाट पाहत बसला असता. जॉन्सनानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक नवें स्नेहमंडळ स्थापिलें! आठवड्यांतून तीन रात्रीं जमावयाचें आणि गैरहजर राहणारानें किरकोळ दंड द्यावयाचा, असा नियम ठरला. वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं नव्या सोबत्यांची नांवें लिहिणाऱ्या त्या थकलेल्या हाताचें मला मोठें कौतुक वाटतें.

पुढील डिसेंबरांत त्याचा अंतकाळ जवळ आला. लँगटन त्याच्या शुश्रूषेसाठीं जवळच येऊन राहिला. बर्क भेटून गेला. रेनॉल्ड्सकडे त्यानें तीन मागण्या केल्या: आपणांकडे असलेलें तीस पौंडांचें देणें त्यानें सोडून द्यावें, पवित्र शास्त्र वाचीत जावें, आणि प्रभूच्या दिवशीं चित्रें रंगवूं नयेत. रेनॉल्ड्सनें तीनही मान्य केल्या. ज्यास न्यायाच्या दिवसाचें आयुष्यभर भय वाटलें, त्यानें शेवटीं तारणाऱ्याच्या दयेवर भार टाकिला व त्याचें चित्त स्थिर झालें. त्याचा आशीर्वाद मागण्यास एक तरुण स्त्री आली, तिला त्यानें आशीर्वाद दिला. बार्बर जवळच होता. १७८४ च्या डिसेंबरच्या १३ व्या तारखेस, संध्याकाळीं, त्यानें देह ठेविला. वेस्टमिन्स्टर ॲबी येथें, ज्याच्यासंगें तो रिकाम्या खिशानें लंडनला आला होता त्या गॅरिकाच्या शेजारींच त्यास पुरण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रहो, जॉन्सनाचें दुःख मित्रांनीं नाहींसें केलें असें मी म्हणत नाहीं. तें जन्माचें होतें व जन्मभर राहिलें. परंतु जें ओझें एकट्यास चिरडून टाकितें तेंच चौघांनीं धरिलें असतां वाहतां येतें. आणि दुसऱ्याचें ओझें धरण्यास हात पुढें केला म्हणजे आपलें हलकें होतें, हें त्यास बर्मिंगहॅमच्या त्या अंथरुणांत कळलें. मित्र हवे असतील तर ते जोडावे लागतात. जोडलेले राखावे लागतात, आणि त्यासाठीं पत्रें लिहावीं लागतात, भेटीस जावें लागतें, कधीं गाऱ्हाणीं ऐकावीं लागतात, कधीं क्षमा मागावी लागते.

या वर्षीं शाळेचा निरोप घेऊन तुमच्यापैकीं कोणी मुंबईस जातील, कोणी पुण्यास, कोणी त्याहूनही लांब. या वर्गांत जो सोबती तुमच्या शेजारीं बसतो त्यास पुढें विसरूं नका. वर्गांत जो एकटा बसतो, ज्याचे जोडे फाटके आहेत, त्याच्या दाराशीं कांहीं ठेवून पळूं नका. दार ठोठावून आंत जा. आणि सुटी लागली म्हणजे प्रथम घरीं जा. पन्नास वर्षांनीं पावसांत उभें राहण्यापेक्षां आज बापाच्या दुकानावर बसणें पुष्कळ सोपें आहे.